लॅपटॉप घरघरतो तेव्हा

आज बोलूया लॅपटॉपच्या आवाजाबद्दल. गटाचे हिशेब आता बऱ्याच जणी लॅपटॉपवर ठेवतात. तो घरघरायला लागला की कुणी म्हणतं ‘जुना झाला’, कुणी म्हणतं ‘चालतोय ना, चालू दे’. आम्हीही असंच म्हटलं होतं.

आमचा लॅपटॉप मसाला कांडपाच्या खोलीतच असायचा. हळूहळू त्याची घरघर इतकी वाढली, की बैठकीत एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. आवाज दबावा म्हणून आम्ही त्याच्याखाली गोधडीची घडी घातली. आवाज दुप्पट झाला!

असं का झालं? लॅपटॉप चालताना आतून तापतो. त्याला गार ठेवायला आत एक लहान पंखा असतो. बहुतेक लॅपटॉप खालच्या फटींतून हवा घेतात आणि बाजूच्या किंवा मागच्या जाळीतून गरम हवा बाहेर टाकतात. गोधडीने आम्ही त्याचं नाकच दाबलं होतं. आत धूळ आणि मिरचीची भुकटी साचली होती, ती वेगळीच. हवा मिळेना, म्हणून पंखा आणखी जोरात फिरत होता.

तेव्हा घरघर असेल तर आधी एवढं करा. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर न ठेवता फळीवर, टेबलावर ठेवा. नको असलेले प्रोग्राम बंद करा. काम जास्त पडलं तरी पंखा जोरात फिरतो. मग लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढा आणि कोरड्या, मऊ ब्रशने जाळीवरची धूळ झाडा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. शिलाई मशीनचं तेल तर अजिबात सोडू नका. एवढं करूनही आवाज राहिला, तर दुरुस्तीवाल्याकडून आतला पंखा साफ करून घ्या. पंखा झिजला असेल तर नवीन बसवता येतो.

घरघर न होता कर्कश गुणगुण येत असेल, तर स्पीकरचा आवाज पूर्ण बंद करून बघा. गुणगुण थांबली, तर ती स्पीकरमधून येत होती.

आता महत्त्वाचं. टिक-टिक, खट-खट किंवा खरखर असा आवाज आला, तर सावध व्हा. बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असते. तिच्यात चकती फिरते आणि आपली सगळी माहिती त्या चकतीवर असते. खट-खट म्हणजे ती डिस्क बिघडत असण्याची शक्यता. अशा वेळी साफसफाई नंतर. आधी रोजकीर्द, कर्जाची खाती, सभासदांची यादी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. लॅपटॉप हलवू नका, सारखा बंद-चालू करू नका. नव्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा एसएसडी असते. तिच्यात फिरणारा भाग नसतो, म्हणून ती खटखटत नाही. पण न वाजताही ती बिघडू शकते. त्यामुळे दुसरी प्रत तिथेही हवीच.

आमच्या लॅपटॉपची घरघर सफाईने थांबली आणि मग तिच्याखाली दडलेली टिक-टिक ऐकू आली! त्याच दुपारी आम्ही सगळे हिशेब पेन ड्राइव्हवर घेतले. काही दिवसांत डिस्क बंद पडली. नवी बसवावी लागली, पण पंधरा जणींच्या बचतीचा एकही आकडा हरवला नाही. त्या दिवशी ‘उद्या बघू’ म्हटलं असतं, तर कुणाचा किती हप्ता फिटला यावरून गटात भांडणं लागली असती.

आता आमचा लॅपटॉप कांडपाच्या खोलीत जात नाही. दर बैठकीनंतर हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर जाते आणि तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या सभासदाच्या घरी राहतो. मैत्रिणींनो, गाय हंबरली की ती भुकेली आहे की आजारी, हे आपण आवाजावरून ओळखतो. लॅपटॉपचा आवाजही तसाच कान देऊन ऐका. घरघर असेल तर धूळ झाडा, खट-खट असेल तर आधी हिशेब वाचवा.