पायऱ्यांचा अनुशेष

वऱ्हाडात रेल्वे आली ती मुख्यतः कापसासाठी. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत खामगाव व अमरावती या कापसाच्या पेठांसाठी मुख्य मार्गावरून स्वतंत्र फाटे काढण्यात आले. पेठेतील गाठ मुंबईच्या गोदीपर्यंत वाटेत न अडखळता कशी जाईल, याचा विचार त्या काळच्या राज्यकर्त्यांनी आपल्या स्वार्थापोटी का होईना, पण सलगपणे केला होता. आज त्याच मार्गाने अमरावती-अकोल्याची माणसे मुंबईस जातात. त्यांच्यापैकी ज्यांचे पाय अधू आहेत, त्यांच्या प्रवासाचा असा सलग विचार मात्र दीडशे वर्षांनंतरही झालेला नाही.

अमरावतीच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाचे उदाहरण कल्पावे. पत्नीस लहानपणच्या पोलिओमुळे फार चालवत नाही आणि आता वयामुळे उभे राहणेही कठीण झाले आहे. मुलाने बॅटरीवर चालणारी घडीची स्कूटर घेऊन दिली आहे. पंचवीस-तीस किलो वजनाच्या या छोट्या वाहनाने त्या बाईंचे जग मोठे केले आहे. कोणाचा हात न धरता त्या बाजारात जातात, शेजारणीकडे हळदीकुंकवास जातात. पतिपत्नींनी आजवर मुंबई पाहिली ती केवळ इस्पितळाच्या निमित्ताने. आता चार दिवस राहून समुद्र पाहावा, सिद्धिविनायकाचे दर्शन घ्यावे, म्युझियम पाहावे, एखादे नाटक पाहावे, अशी त्यांची इच्छा आहे. ही इच्छा अवाजवी नाही आणि निवृत्तिवेतनाच्या आवाक्याबाहेरचीही नाही. तरीही अशी जोडपी सहसा घराबाहेर पडत नाहीत. त्याची कारणे तपासून पाहण्यासारखी आहेत.

पहिले कारण पैशाचे असावे असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अपंग व्यक्तीस रेल्वे शयनयान वर्गात व तृतीय वातानुकूलित वर्गात ७५ टक्के सवलत देते आणि सोबत्यासही तेवढीच देते. राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास मिळू लागला, तर महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. भाडे कमी करण्यात आपली सरकारे उदार आहेत. परंतु सवलत ही चढू शकणाऱ्यास मिळते. ज्या बसच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवता येत नाही, तिचे भाडे शून्य केले तरी त्या प्रवाशाच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. त्याला अडविणारी गोष्ट पायरीची उंची आहे, आणि ती कोणत्याही दरपत्रकात लिहिलेली नसते.

रेल्वेचेच पाहू. अमरावती हे फाट्यावरचे शेवटचे स्थानक असल्यामुळे मुंबईची गाडी तेथूनच सुटते. ती फलाटावर उभी असते तोवर सावकाश चढता येते, स्कूटरची घडी करून आत ठेवता येते. अकोल्याच्या प्रवाशास हे भाग्य नाही. तेथे तीच गाडी काही मिनिटांपुरती थांबते. फलाट आणि डब्याची जमीन एका पातळीवर नसतात. मधल्या पायऱ्या उभ्या व अरुंद असतात आणि आतील वाट चाकाच्या खुर्चीस पुरत नाही. अनेक मेल-एक्स्प्रेस गाड्यांना अपंगांसाठी रुंद दाराचा कप्पा जोडलेला असतो हे खरे. पण त्याच्या दारातही फलाटावरून उतरंडीची फळी लावली गेली नाही, तर रुंदीचा उपयोग मर्यादितच. अशा वेळी जो उपाय होतो तो सर्वांनी पाहिलेला आहे. दोन हमाल बगलेत हात घालून बाईंना वर ओढतात आणि पती स्कूटर सांभाळीत, लोकांची क्षमा मागत मागून चढतात. गाडी चुकत नाही, परंतु सहलीचा आरंभ कापसाच्या गाठीसारखे उचलले जाण्याने होतो. एकदा हा अनुभव घेतलेली व्यक्ती पुढच्या वर्षी ‘मला नाही यायचे’ म्हणते, आणि घरातले तिची इच्छाच नाही असे समजून चालतात.

विमानाचा मार्ग आता अमरावतीस खुला झाला आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, ती ७२ आसनांच्या एटीआर विमानाने. अकोल्याच्या शिवणी विमानतळाचे घोडे धावपट्टीच्या लांबीवर अनेक वर्षे अडलेले आहे. विमानात चढण्यासही जिना असतोच; त्यास पर्याय म्हणून विमानतळावर उचलणारी गाडी किंवा उतरता मार्ग ठेवावा लागतो. शिवाय बॅटरीचा प्रश्न आहे. लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून प्रवाशाच्या स्कूटरची काढता येणारी बॅटरी ३०० वॉट-तासांपर्यंतचीच असावी आणि ती काढून स्वतःजवळ, आसनांच्या कक्षात न्यावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. नियम योग्यच आहे. मात्र स्कूटर घेताना हा आकडा विचारावयाचा असतो हे ग्राहकास बहुधा ठाऊक नसते. वर्षभरानंतर विमानतळावर ते कळले, तर तिकीट व उत्साह दोन्ही वाया जातात.

मुंबईत पोहोचल्यावर चित्र पार निराशाजनक आहे असे नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हेही शेवटचे स्थानक. तेथे बाहेरगावच्या गाडीतून उतरणाऱ्यास पूल न चढता फलाटाच्या टोकाने बाहेर पडता येते. शहराची पहिली मेट्रो २०१४ साली सुरू झाली, तर आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. या मार्गावर सिद्धिविनायक, दादर, चर्चगेट अशी स्थानके आहेत आणि मेट्रोची आखणी उद्वाहक गृहीत धरूनच झालेली आहे. गाडी आणि फलाट येथे एका पातळीत असतात. बाई आपल्या स्कूटरवरून थेट डब्यात जाऊ शकतात. वऱ्हाडातून आलेल्या या दांपत्यास हा अनुभव नवलाचा वाटेल.

अडचण सुरू होते ती मेट्रोतून रस्त्यावर आल्यावर. मुंबईच्या अनेक पदपथांच्या तोंडाशी मोटारसायकली वर चढू नयेत म्हणून लोखंडी वा दगडी खांब रोवलेले आहेत. ते इतके जवळ रोवले गेले की चाकाची खुर्चीही आत जाईना. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. नियम मोडणाऱ्यास रोखण्यासाठी केलेली व्यवस्था नियम पाळणाऱ्या दुर्बलास रोखते, याचे हे ठसठशीत उदाहरण होय. मरीन ड्राइव्हचा समुद्रकाठचा रुंद फरसबंद मार्ग हे या बाईंसाठी मुंबईतील सर्वांत सुखाचे ठिकाण ठरेल. पण तेथवर जाण्यासाठी रस्ता ओलांडावा लागतो आणि पदपथाच्या कडेला उतार असावा लागतो. घारापुरीस जावयाचे तर हेलकावणाऱ्या लाँचमध्ये उतरावे लागते आणि पुढे लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत. तेथे खुर्चीची डोली मिळते, म्हणजे पुन्हा माणसांच्या खांद्यावर बसणे आले.

अर्थशास्त्रात परस्परपूरक वस्तूंचा विचार केला जातो. चहा व साखर, दौत व टाक यांचे मूल्य एकमेकांवर अवलंबून असते. अपंगांच्या प्रवासातील सोयी अशाच परस्परपूरक आहेत. हे शेतकऱ्यास अधिक चांगले समजेल. पाट मध्येच एका जागी फुटला तर धरणातून कितीही पाणी सोडले तरी शेवटच्या वावरात ते पोहोचत नाही. धरणावर झालेला खर्च हिशेबात दिसतो, वावर मात्र कोरडेच राहते. मेट्रोतील उद्वाहक, रेल्वेतील रुंद कप्पा, हॉटेलच्या दारातील उतार यांवर झालेल्या खर्चाचे मोल मधल्या एका पायरीमुळे त्या दांपत्यापुरते जवळजवळ शून्य होते. याउलट ती एक पायरी दुरुस्त करण्याचा खर्च किरकोळ असला तरी त्याचे फळ मोठे असते, कारण आधी गुंतविलेला सर्व पैसा त्यामुळे कामी लागतो.

आपली शासनव्यवस्था हा सलग विचार करीत नाही, कारण प्रत्येक खाते आपापल्या तुकड्यापुरता हिशेब ठेवते. केंद्र सरकारची अपंगांना साधने देण्याची योजना १९८१ पासून आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्यातून तीनचाकी गाड्या व कृत्रिम अवयव देशभर जातात. किती साधने वाटली याचा आकडा दरवर्षी प्रसिद्ध होतो. त्या साधनावर बसून माणूस कोठवर जाऊ शकला, हा आकडा कोणीच ठेवीत नाही. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते काढले. त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत अचलपूरचे तत्कालीन आमदार बच्चू कडू अग्रभागी होते, ही वऱ्हाडाच्या दृष्टीने नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. परंतु फलाट रेल्वेचा, रस्ता महापालिकेचा, बस महामंडळाची आणि हॉटेल खाजगी मालकाचे, अशी स्थिती असता एकटे कल्याण खाते काय करणार?

कायद्याची उणीव आहे असेही नाही. १९९५ साली पहिला कायदा झाला. त्याची जागा घेणारा २०१६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सर्वांना वापरता येतील अशा कराव्यात, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. नियम जून २०१७ मध्ये निघाले. म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये सरली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, या बाबतीतील नियम नुसत्या शिफारशींसारखा आहे आणि कायद्याच्या हेतूशी तो विसंगत आहे. सक्तीची किमान मानके तीन महिन्यांत ठरवावीत, असा आदेशही न्यायालयाने दिला. वास्तविक उताराचे मोजमाप सर्वांस ठाऊक असते: एक फूट उंचीस बारा फूट लांबी. ते पाळण्यास महान तंत्रज्ञान लागत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गांभीर्याने विचारात घेतला पाहिजे. ज्या प्रदेशात शेतकरी आत्महत्या करतात आणि सिंचन अपुरे आहे, तेथे अपंगांच्या सहलीचा प्रश्न काढणे ही चैन नव्हे काय? याचे उत्तर वऱ्हाडानेच पूर्वी देऊन ठेवले आहे. शेंडगावात जन्मलेल्या गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. गरिबाला भाकरी हवी, यात्रा कशाला, असे त्यांनी म्हटले नाही. परगावी गेलेल्या गरिबास उघड्यावर पडावे लागू नये, एवढे त्यांनी पाहिले. प्रवासाची इच्छा ही माणूसपणाचाच भाग आहे, हे त्यांना उमगले होते. शिवाय येथे प्रश्न केवळ सहलीचा नाही. ज्या पायरीमुळे सहल अडते, तीच पायरी नोकरीची मुलाखत, विद्यापीठाची परीक्षा, लेकीचे लग्न आणि मतदान अडविते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग होते. देशात साठी ओलांडलेले लोक १० कोटींहून अधिक होते. यांच्यापैकी एक जण घरी राहिला की बहुधा त्याच्यासोबतचा दुसराही घरीच राहतो. हॉटेलमालक म्हणतो, असे गिऱ्हाईक येतच नाही. ते येत नाही कारण त्याला येता येत नाही. बाजारात न दिसणारी मागणी अस्तित्वातच नाही असे मानणे हा अर्थशास्त्रातला जुनाच प्रमाद आहे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. अकोला व अमरावती महापालिकांनी आपल्या उत्पन्नातील अपंगांसाठी राखावयाच्या ५ टक्के निधीचा काही भाग घर ते स्थानक या वाटेवर खर्च करावा. भुसावळ विभागाने अकोल्यासारख्या स्थानकावर हलविता येणारी उतरंडीची फळी व ती लावणारा माणूस ठेवावा, आणि आरक्षणाच्या वेळी सूचना मिळाल्यास थांब्यात दोन-तीन मिनिटांची वाढ द्यावी. इंग्लंडमधील मिल्टन कीन्स येथे १९७९ साली शहरात आलेल्या अपंगांना चाकाची वाहने तात्पुरती देण्याची योजना सुरू झाली व पुढे ती तेथील अनेक शहरांत पसरली. तशी सोय मुंबईच्या मोठ्या स्थानकांवर झाली, तर स्कूटर गाडीत चढविण्याचा सर्वांत अवघड भागच वगळला जाईल. आणि वर्षातून एकदा, चाकाच्या खुर्चीवरील नागरिकासोबत सर्व संबंधित खात्यांच्या अधिकाऱ्यांनी अकोल्याच्या घरापासून मरीन ड्राइव्हपर्यंत प्रवास करावा आणि कोठे कोठे थांबावे लागले, त्याची यादी प्रसिद्ध करावी.

‘अनुशेष’ हा शब्द वऱ्हाडास नवा नाही. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली रस्ते, सिंचन, शिक्षण अशा क्षेत्रांतील जिल्हावार मागासलेपणाचे मोजमाप केले, तेव्हापासून त्या आकड्यांवर या प्रदेशाचे राजकारण चालत आले आहे. जे मोजले गेले त्याची निदान मागणी तरी करता आली. पायऱ्यांचा अनुशेष अद्याप कोणी मोजलेला नाही. तो मोजण्यास वऱ्हाडाने आपल्या दोन शहरांपासून आरंभ केला, तर मुंबईकडे मागण्यासाठी त्याच्या हाती काहीतरी नेमके असेल.