चार चाकांची निगा – भाग ७ : सीटवर सांबार सांडतं तेव्हा

खाऱ्या वाऱ्याने पत्र्याला धरणारा गंज आपण गेल्या आठवड्यात पाहिला. आता दार उघडून आत बसू.

चेन्नईतल्या गाडीच्या सीटला लागणारे डाग बहुतेक ठरलेले असतात. मैलापूरला कपालीश्वराचं दर्शन घेऊन निघालं की विभूती-कुंकवाची पुडी हमखास सुटते. गजऱ्यातली फुलं पाठीखाली चिरडतात. डोक्याच्या खोबरेलाने हेडरेस्ट काळवंडतं. आणि पार्सलची पिशवी तिरकी झाली की सांबार, नाहीतर फिल्टर कॉफी. पण खरं सांगायचं तर डागाने जितक्या सीटा खराब होतात, त्याहून अधिक डाग काढण्याच्या घाईने होतात.

त्याचं कारण कापडाच्या खाली आहे. तिथे फोम असतो आणि तो पाणी पिऊन बसतो. डागावर मगभर पाणी ओतलं की अर्धा डाग धुतला जातो आणि अर्धा खाली फोममध्ये उतरतो. वरचं कापड वाळायला लागलं की खालचं पाणी वर चढतं आणि मळ सोबत घेऊन येतं. दोन दिवसांनी मूळ डागाच्या दुप्पट पिवळट कडं दिसतं, ते यामुळे. सदरा बादलीत बुडवून पिळता येतो, सीट पिळता येत नाही. म्हणून इथे धुवायचं नसतं, टिपून घ्यायचं असतं. पांढरं सुती फडकं घ्या (रंगीत फडक्याचा रंग सीटला लागतो), डागाच्या कडेकडून मध्याकडे या आणि दाबून उचला. घासू नका. घासल्याने डाग पसरतो आणि कापडाचे धागे विस्कटतात.

आता सांबाराकडे वळू, कारण या एका डागात सगळा धडा आहे. त्यात डाळ आहे, तेल आहे, चिंच आहे आणि हळद आहे. प्रत्येकाचा स्वभाव निराळा, म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी चमच्याने घट्ट भाग खरवडून उचला. मग गार पाण्यात पिळलेल्या फडक्याने टिपा. गरम पाणी नको, डाळीतली प्रथिनं उष्णतेने आवळतात आणि धाग्याला चिकटून बसतात. मग तेल. वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाकून फेस करा. फडक्याला पाणी न लावता नुसता फेस लावा आणि डागावर थोपटा. पाच मिनिटांनी ओल्या फडक्याने टिपा, मग कोरड्याने. डाळ, तेल, चिंच निघते. उरते हळद.

इथे पुष्कळ जण धुण्याची पावडर किंवा साबणाची वडी आणतात आणि डाग डोळ्यांदेखत लाल होतो. घाबरण्यासारखं काही नाही. हळदीत चुना कालवून कुंकू करतात, तीच ही क्रिया: हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी असं मिश्रण टिपलं की ते पुन्हा पिवळं होतं. पिवळा रंग मात्र घासून जायचा नाही, त्यावर उपाय ऊन. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. डागावर थेट ऊन पडेल अशी गाडी लावा आणि दोन-तीन दिवस धीर धरा. चेन्नईत ऊन विकत आणावं लागत नाही.

फिल्टर कॉफीत डिकॉक्शनचा तपकिरी रंग, दूध आणि साखर असते. दूध आहे म्हणून पहिलं टिपणं गार पाण्याने, मग लिक्विडचा फेस, आणि तपकिरी छटा उरली तर वरचंच व्हिनेगरचं पाणी. दूध आत राहिलं तर डाग दिसणार नाही, पण आंबूस वास महिनाभर सोबत करेल. ब्लीचिंगच्या वाटेला जाऊ नका. त्याने सीटचा रंग उडतो, सीटबेल्टची पट्टी कमजोर होते आणि व्हिनेगरशी गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

विभूती आणि कुंकू याच्या अगदी उलट: त्यांना पाणी लागूच देऊ नका. ओलं फडकं फिरवलं की कोरडी पूड रंग होऊन धाग्यात शिरते. आधी व्हॅक्युमची नळी डागाच्या जरा वर धरून पूड ओढून घ्या, मऊ ब्रशने उरलेली झटका, मग लागलंच तर फेस. हेडरेस्टवरच्या तेलावर कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर रात्रभर पसरून ठेवा. सकाळी व्हॅक्युम करा, मग फेस.

घामाचे पांढरे ओघळ म्हणजे मीठ, ते साध्या पाण्याने निघतं. पण पाणी कुठलं? समुद्रालगतच्या बऱ्याच भागांत बोअरचं पाणी खारट किंवा जड असतं. एक मीठ काढून दुसरं बसतं. घरात 20 लिटरचा वॉटर कॅन येत असेल तर त्यातलं पाणी घ्या. अशा वेळी डागापुरतं पुसू नका, शिवणीपासून शिवणीपर्यंतचा तुकडा सारखा ओलसर करा, म्हणजे कडं उमटत नाही.

चामड्याचं काय? ज्या शहरात अड्यारला 1948 पासून केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे आणि आंबूर-राणीपेटच्या टॅनऱ्या काही तासांवर आहेत, तिथेही जनरल पॅटर्स रोडवरच्या दुकानांतून बसवलेली बरीचशी कव्हरं रेग्झिनचीच असतात. रेग्झिनला फेस आणि ओलं फडकं पुरतं. थिनर, ॲसिटोनने वरचा थर फाटतो. अस्सल चामड्यावरही रंगाचा पातळ थर असतो, म्हणून खोबरेल चोळून चमक आणायला जाऊ नका. ते शिवणीत साचतं आणि धूळ धरून ठेवतं.

पुराचं पाणी हा मात्र डाग नव्हे. डिसेंबर 2015 मध्ये आणि पुन्हा डिसेंबर 2023 मध्ये मिचौंग चक्रीवादळात शहरातल्या असंख्य गाड्या पाण्यात उभ्या होत्या. ऑक्टोबर 2024 मध्ये तर पावसाच्या इशाऱ्यानंतर वेळचेरीच्या लोकांनी आधीच गाड्या फ्लायओव्हरवर नेऊन लावल्या. सीटपर्यंत पाणी चढलं असेल तर इंजिन सुरू करू नका, आधी फोटो काढून विमा कंपनीला कळवा. त्या पाण्यात गटार मिसळलेलं असतं, त्यामुळे सीट काढून फोम वेगळा करून वाळवणं किंवा बदलणं हाच उपाय. सीटखाली पिवळ्या कनेक्टरच्या वायरी दिसतात, त्या एअरबॅगच्या. त्यांना घरी हात लावायचा नाही, हे काम वर्कशॉपचं.

शेवटचं काम वाळवण्याचं, आणि चेन्नईत तेच सगळ्यात अवघड. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस, एरवी समुद्राचा दमटपणा. ओली सीट बंद गाडीत ठेवली तर दोन दिवसांत बुरशी येते. सफाई सकाळी करा, दारं उघडी ठेवून टेबलफॅन लावा, संध्याकाळी एसी चालू ठेवून एक चक्कर मारा. एसी हवेतलं पाणी काढून घेतो. सगळ्या सीटा शाम्पू करायच्या असतील तर पावसाळा सोडून मे महिन्यातल्या कत्तिरी वेयिलपर्यंत थांबा. ज्या उन्हाला आपण शिव्या घालतो, ते या कामाला फुकटचा मजूर आहे.

(पुढच्या आठवड्यात : एसी लावताच येणारा कुबट वास – तो कुठून येतो आणि केबिन फिल्टर कधी बदलायचा)