गाडीच्या कडेची सावली

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेला सौंदत्तीच्या डोंगरावर मुक्काम पडला की कोल्हापूर भागातल्या गाड्या ओळखायला पाटी वाचावी लागत नाही. टेम्पो उभा राहतो, हौद्याच्या कडेच्या हुकांना ताडपत्रीच्या रिंगा बांधल्या जातात, समोर दोन बांबू रोवले जातात, आणि सावली तयार होते. तिच्या कडेला चूल, आत अंथरूण, बांबूच्या टोकाला लटकवलेली पिशवी. कुरुंदवाडकरांना हे दृश्य यात्रेपुरतं ठाऊक नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं हे गाव पाण्यानं वेढलं, तेव्हा माणसं आणि जनावरं ट्रॉलीत घालून उंचावर नेलेली इथल्या लोकांनी पाहिली आहेत. अशा वेळी ट्रॉलीला बांधलेली ताडपत्री हेच छप्पर असतं.

आता याच सावलीची शहरी बहीण आली आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनानं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्याच्या आगेमागे हौशी मंडळींनी टेम्पो ट्रॅव्हलर, पिकअप, जुनी व्हॅन यांचं चाकावरचं घर करून घ्यायला सुरुवात केली. या गाड्यांच्या छताच्या कडेला, दरवाजाच्या वर, ॲल्युमिनियमची एक लांब पट्टी असते. तिला खाच असते आणि खाचेचं तोंड आतल्या पोकळीपेक्षा अरुंद असतं. कापडाच्या कडेला दोरी घालून गोट शिवतात आणि तो गोट पट्टीच्या एका टोकातून आत सरकवतात, परकराच्या नेफ्यात नाडा ओवावा तसा. गोट साधारण पाच-सहा मिलिमीटर जाडीचा असतो. पट्टी आणि गोट एका मापाचे नसतील तर एकतर तो आत शिरत नाही, नाहीतर वाऱ्याच्या पहिल्या झोतात बाहेर येतो. म्हणून पट्टी आणि कापड वेगवेगळ्या दुकानांतून घेणाऱ्यांनी गोटाचा वीतभर तुकडा खिशात ठेवूनच खरेदीला जावं. सरकवायलाही दोन माणसं लागतात. एकानं तोंडाशी कापड सरळ धरून भरवायचं, दुसऱ्यानं पुढून ओढायचं. खाचेत आधी कोरडं मेण फिरवलं की काम निम्म्यावर येतं. तेल मात्र लावू नये, धूळ धरते.

ही पट्टी केली आहे कापडासाठी. कापडाचा ओढा तिच्या सगळ्या लांबीवर वाटला जातो. तीन मीटर पट्टीवर तीस किलोचा ओढा आला तर दर मीटरला दहाच किलो येतात. पण लोकांना ती रिकामी खाच बघवत नाही. मग तिच्यात हूक बसतात. हुकांना कंदील, पंखा, कपड्यांची दोरी, झोपाळ्याची खुर्ची, आणि एकदा धीर चेपला की सौर पॅनेलसुद्धा. इथे हिशोब बदलतो. सगळं वजन एका बोटभर जागेवर येतं, खाचेचे ओठ हळूहळू फाकतात, आणि फाकलेले ओठ पुन्हा जुळत नाहीत. पक्कडीनं दाबून बसवलेली पट्टी दिसायला सरळ दिसते, पण गोट तिथेच निसटतो.

कपड्यांच्या दोरीचं गणित तर भल्याभल्यांना चकवतं. तीन मीटर दोरी दोन हुकांत ताणली, मधोमध पाच किलोचे ओले कपडे टाकले आणि दोरीला झोळ फक्त दहा सेंटिमीटर पडला, तर दोरीतला ताण पाच किलो राहत नाही, साडेसदतीस किलोच्या घरात जातो. झोळ तीस सेंटिमीटर सोडला की तोच ताण साधारण तेरा किलोंवर येतो. आपल्याकडे दोरी टणक ताणलेली असली की बांधणाऱ्याचं कौतुक होतं, पण पट्टीच्या जिवावर ती बांधायची असेल तर सैल दोरीच शहाणपणाची.

पट्टीत अडकवण्याच्या वस्तू मुळात हलक्या हव्यात: बारा व्होल्टची दिव्यांची पट्टी, मच्छरदाणी, बाजूचा पडदा, टोपी-टॉवेल. दिव्याची वायर पत्र्यातून आत नेताना भोकाला रबरी कडी घाला, नाहीतर पत्र्याची धार वायर सोलते. आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ बसवा. हूक घ्यायचा तर लांबट बुडाचा, खाचेत चार-पाच बोटं लांबीभर टेकणारा घ्या. वजन थोडं तरी वाटलं जातं. दोन्ही टोकांना अडवणी हवी, नाहीतर उतारावर ब्रेक लागला की सगळे हूक रांगेनं पुढे पळतात.

खुद्द पट्टी कशावर बसवली आहे हे कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते निम्मी दुखणी तिथेच आहेत. गाडीचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. त्यात नुसता स्क्रू पिळला तर त्याला धरायला दोन आटेही मिळत नाहीत. पट्टीचे स्क्रू आतल्या फ्रेमवर, छताच्या आडव्या कमानींवर यायला हवेत. जिथे फ्रेम नाही तिथे पत्र्यामागे लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी टाकून मग आवळायला हवेत. प्रत्येक भोकाभोवती पाणी अडवणारं सीलंट लागतं. ते कमी पडलं की पाणी पहिल्या पावसात दिसत नाही. ते आतल्या प्लायमध्ये मुरतं आणि पुढच्या वर्षी प्लाय फुगतो. ॲल्युमिनियमला स्टेनलेस स्क्रू लावताना मध्ये नायलॉनचा वायसर टाकावा. ओलाव्यात हे दोन धातू एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि मालवण-वेंगुर्ल्याकडच्या खाऱ्या हवेत ते आणखी लवकर.

आता वारा. आपल्या भागात खरा वैरी तोच आहे. चैत्र-वैशाखात दुपारभर पान हलत नाही, चार वाजता आभाळ काळं होतं आणि वळीव येतो तो आधी धूळ आणि वारा घेऊन. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी छत्तीस किलोमीटरचा वारा आडव्या आलेल्या कापडाच्या दर चौरस मीटरवर सहा किलोंच्या आसपास दाब देतो. तीन मीटर बाय अडीच मीटरच्या कापडी छताला असा वारा पुरता खालून लागला तर ते पंचेचाळीस किलो झालं. वेग दुप्पट, ताशी बहात्तर, झाला की तेच एकशे ऐंशी किलोंच्या पुढे जातं. असा झोत पट्टी उपटून नेतो, आणि पट्टीबरोबर पत्राही.

म्हणून ताण-दोऱ्या हव्यातच. बांबूला किंवा खांबाला दोरी साधारण पंचेचाळीस अंशांत बाहेर ओढून मेख ठोकावी, मेखेचं डोकं गाडीच्या उलट दिशेला झुकलेलं. कृष्णाकाठच्या काळ्या रानात हे नीट समजून घ्यायला हवं. वाळलेली काळी माती मेख दगडासारखी धरते, पण पावसाच्या एका सरीनंतर तीच मेख हातानं वर येते. इथे हातभर लांब मेख लागते, तंबूबरोबर येणारी बोटभर तार नाही. दोरीचंही तसंच आहे. नायलॉन भिजला की लांबतो, सुती दोर भिजला की आखडतो. म्हणजे पाऊस पडून गेला की दोन्ही पुन्हा बघाव्या लागतात. गाठ सुरगाठच मारावी. वळीव आला की एका ओढीत छत खाली यायला हवं. निरगाठ भिजल्यावर दातांनीही सुटत नाही.

पाण्याचं वजन त्याहून फसवं, कारण ते आवाज करत नाही. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, म्हणजे एक किलो. छताला झोळ पडून दोन चौरस मीटरवर पाच सेंटिमीटर पाणी साचलं तर शंभर किलो डोक्यावर लटकतात. एक खांब मुद्दाम आखूड ठेवला की पाणी त्या कोपऱ्यातून वाहून जातं. यात्रेतल्या लोकांना हे कुणी शिकवलेलं नाही, तरी त्यांच्या ताडपत्रीचा एक कोपरा कायम खाली असतो.

स्वयंपाकाबद्दल एकच सांगायचं. बाजूचे पडदे सोडून आत शेगडी पेटवू नका. प्लॅस्टिकची ताडपत्री पेटते तेव्हा वितळून अंगावर गळते, आणि कोंदट जागेत शेगडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता जीव घेतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार कॅरॅव्हॅनसाठी आपल्याकडे एआयएस-१२४ हे मानक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत फेरफार मनानं करता येत नाहीत, आणि गाडीची एकूण रुंदी २.६ मीटरच्या आत राहावी लागते. छताची गुंडाळी बाहेर निघालेली असेल तर ती धरून माप घ्या. दरवाजा आणि छत दोन्ही डावीकडेच असावेत. आपल्याकडे रस्त्याची कड डावीकडे येते. परदेशी छायाचित्रं पाहून उजवीकडे छत लावणाऱ्याला वाहत्या रस्त्यात सावली मिळते.

चाक फिरायच्या आधी पट्टीतली प्रत्येक लोंबती वस्तू उतरवा. सौर पॅनेल तिथे कधीच नको, त्याची जागा गाडीच्या टपावर, स्वतःच्या चौकटीत. ताशी ऐंशी किलोमीटरला पुढून येणारा वारा दर चौरस मीटरला तीस किलो दाब देतो, आणि मागून दुचाकीवर कुणीतरी येत असतं.

नवी गाडी बनवून घेणार असाल, तर आतलं प्लाय आणि अस्तर लावण्याआधीच कारागिराला छताच्या कडेला, पत्र्यामागे, आधाराची पट्टी टाकायला सांगा आणि ती टाकलेली स्वतः बघा. अस्तर बसल्यावर ते काम करायचं तर आतलं सगळं उचकटावं लागतं.