हाताशी असलेले शस्त्र

स्वसंरक्षणार्थ घरात पिस्तूल बाळगणे हा अमेरिकेत नागरिकाचा हक्क मानला जातो. राजधानी वॉशिंग्टनमधील कायद्यानुसार घरातील बंदूक रिकामी करून तिचे भाग सुटे ठेवावे, किंवा चापास कुलूप घालावे लागे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी हे बंधन रद्द ठरविले. ऐन प्रसंगी वापरता न येणाऱ्या शस्त्राने संरक्षण होत नाही, ही त्यामागील भूमिका होय.

परंतु मालकाच्या हाताशी असलेले शस्त्र घरातील इतरांच्याही हाताशी असते. केलरमन व सहकारी यांनी तीन परगण्यांतील घरांत घडलेल्या हत्यांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध केला. बंदूक असलेल्या घरात हत्येचा संभव सुमारे २.७ पट आढळला, आणि मारेकरी बहुधा आप्त वा परिचितच होते. मुळात धोका असल्यामुळेच शस्त्र आणले गेले असेल, असा आक्षेप यावर घेतला गेला. तो विचारार्ह आहे. तथापि तेथील बंदुकीच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, हे विसरून चालणार नाही. कुलूप उघडण्यास लागणारे क्षण मालकास विलंब वाटतात. आवेगाच्या भरात असलेल्या मनुष्यास तेच क्षण वाचवू शकतात.