मागच्या सीटवरचे मूल आणि गाडीतला धूर

गेल्या महिन्यात ओळखीच्या एक आजी दवाखान्यात आल्या. कॅलिफोर्नियात मुलीकडे चार महिने राहून परतल्या होत्या. रक्तदाब तपासून झाला तरी उठेनात. मग हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, जावई गाडीत गांजा ओढतात. मागे नातू बसलेला असतो, त्याला दमा आहे. बोलले तर म्हणतात, इथे कायद्याने चालतं."

जावईबापूंचे म्हणणे अर्धेच खरे आहे. तेथे २०१६ च्या जनमत कौलाने २१ वर्षांवरील माणसाला गांजाची मुभा मिळाली. पण त्याच कायद्याने गाडी चालविताना किंवा गाडीत प्रवासी म्हणून बसून तो ओढण्यास व खाण्यास मनाई केली. मूल असो वा नसो. शिवाय १८ वर्षांखालील मूल गाडीत असताना धूम्रपान केल्यास तेथे २००८ पासून १०० डॉलरपर्यंत दंड आहे, गाडी उभी असली तरी. मात्र केवळ या कारणासाठी पोलिसांना गाडी अडविता येत नाही. ही पळवाट मला पटलेली नाही.

काच खाली केली की झाले, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. गाडीची जागा चिमुकली, त्यात मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो. गांजा 'झाडपाला' म्हणून निरुपद्रवी ठरत नाही. तंबाखूच्या धुरातील अनेक विषारी व कर्करोगकारक द्रव्ये त्याच्याही धुरात असतात. कोलोरॅडोत श्वासनलिकांच्या दाहामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या काही तान्ह्या मुलांच्या लघवीत गांजाचे अंश सापडले होते. दम्याच्या मुलाला तर कोणताही धूर नकोच.

आणखी एक. तिकडे गांजाच्या गोळ्या-चॉकलेटेही मिळतात. गाडीच्या कप्प्यात राहिलेले चॉकलेट मुलाने खाल्ले तर त्याला गाढ गुंगी येते, श्वासही मंदावू शकतो. असे झाल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आपल्याकडे गांजा १९८५ च्या कायद्याने गुन्हाच आहे. विडी-सिगारेटचा २००३ चा कायदा मात्र सार्वजनिक जागांपुरता. घरच्या गाडीत लेकरू मागे बसवून ओढणारे मी रोज पाहतो.

आजींनी हे सारे मराठीत कागदावर लिहून मागितले. मुलीला फोनवर वाचून दाखविणार होत्या, जावई कामावर गेल्यावर.