छाया घेतली, रंग आपलेच ठेवले

१५८० साली गोव्याहून फत्तेपूर सिक्रीला गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी अकबराला बायबलचे खंड नजर केले. अँटवर्पला छापलेल्या त्या ग्रंथातली कोरीव छापचित्रं बादशाही तसवीरखान्यातल्या कलावंतांपुढे आली आणि मोगल व्यक्तिचित्राला वेगळं वळण लागलं.

हुबेहूब चेहऱ्याची हौस मात्र पाद्र्यांनी आणली नव्हती. अबुल फजलच्या नोंदीनुसार अकबर स्वतः तसबिरीसाठी बसला आणि त्यानं साऱ्या उमरावांच्याही तसबिरी काढवून घेतल्या. गालाची गोलाई, वस्त्राची चुणी दाखवायचं नवं तंत्र चित्रकारांना छापचित्रांत सापडलं. अबुल हसननं १६०० मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, जर्मन चित्रकार ड्यूररच्या छापचित्रातला सेंट जॉन रेखाटला. ते रेखाटन आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.

ही छापचित्रं मुख्यतः काळी-पांढरी. त्यामुळे छायाप्रकाश तिकडून आला, रंगकाम इथलंच राहिलं: घोटलेली वसली, म्हणजे थर चिकटवून केलेला जाड कागद, खारीच्या केसांचा कुंचला, थरावर थर रंग आणि मग चित्र पालथं घालून अकीकाची घोटाई. छटाही भरली ती परदाजानं, म्हणजे बारीक ठिपक्या-रेघांनी. चेहऱ्याला उठाव आला, पण अंगाची सावली जमिनीवर पडली नाही.

हात किती तयार झाला होता, याला इंग्रज वकील टॉमस रो साक्षी आहे. १६१६ मध्ये त्यानं आणलेल्या एका लघुचित्राच्या नकला अकबराचा मुलगा जहांगीर बादशहानं करवल्या आणि अस्सल चित्रासह त्याच्यापुढे मांडल्या. दिव्याच्या उजेडात आपलं चित्र ओळखताना रोची बरीच तारांबळ उडाली.

नक्कल येत होती, तरी निवड सुटली नाही. बिचित्रच्या एका प्रसिद्ध चित्रात वाळूच्या घड्याळावर बसलेला जहांगीर एका सूफी शेखाला ग्रंथ देतो. खाली इंग्लंडचा राजा जेम्स आहे, इंग्रजी तसबिरीवरून उतरवलेला, तिरप्या चेहऱ्याचा. पंखवाली बाळंही युरोपीय. बादशहा मात्र एकचष्मी, निव्वळ बाजूनं दिसणारा. पाहुण्यांची रीत पाहुण्यांपुरती; तख्तावर दरबारी शिस्त.

पुढे उलटी वाटही रुळली. १६५६ ते १६६१ च्या सुमारास रेम्ब्रांनं मोगल चित्रांवरून वीसहून अधिक रेखाटनं केली, तीही बहुतांशी तपकिरी शाईत. त्यानं पेहराव आणि बैठक उचलली, रंग सोडले. दोन्हीकडच्या कलावंतांनी आपल्याला हवं तेवढंच घेतलं. म्हणून ‘प्रभाव’ म्हणताना त्यामागची ही पारख विसरता येत नाही.