आवाज बदलला, पण माणूस लपला का? व्हॉइस चेंजर नीट लावायचा कसा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे आजच्या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा मुद्दामच तशीच ठेवली आहे.

आजचा विषय व्हॉइस चेंजर, म्हणजे कॉम्प्युटरच्या माइकवर बोललेला आवाज बदलून पुढे पाठवणारं सॉफ्टवेअर. गेम खेळणारी पोरं ते गंमत म्हणून वापरतात. आपण मात्र त्याचा गंभीर उपयोग बघणार आहोत: निनावी पाहुणा.

डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला मोठा स्फोट झाला, २३ मे २०२४ ला पुन्हा झाला. समजा, तिथल्या एखाद्या कारखान्यातला कामगार सुरक्षेबद्दल तुमच्या पॉडकास्टवर बोलायला तयार आहे. अट एकच, आवाज ओळखू येता कामा नये. इथे सेटिंग चुकलं तर त्याच्या नोकरीवर बेतू शकतं.

आधी आवाजाचा रस्ता समजून घ्या

आवाज खऱ्या माइकमधून सॉफ्टवेअरमध्ये जातो, तिथे बदलतो आणि एका आभासी माइकमधून बाहेर पडतो. आभासी माइक म्हणजे कॉम्प्युटरला खरा वाटणारा, पण हातात न येणारा माइक. झूम, गुगल मीट किंवा ऑडॅसिटी यांना हाच आभासी माइक निवडून द्यायचा असतो.

व्हॉइसमॉडसारखं सॉफ्टवेअर आपला आभासी माइक स्वतःच बसवतं. ज्यात ती सोय नाही त्याच्यासाठी विंडोजवर व्हीबी-केबल वापरतात. तिच्या नावांनी भलेभले गोंधळतात. तिला पाण्याचा पाइप समजा. व्हॉइस चेंजरचं आउटपुट जातं 'केबल इनपुट'मध्ये, कारण पाणी त्या तोंडातून आत शिरतं. रेकॉर्डिंगच्या अॅपमध्ये माइक म्हणून निवडायचं 'केबल आउटपुट', कारण तिथून पाणी बाहेर येतं. केबल बसवल्यावर कॉम्प्युटर एकदा रीस्टार्ट करा.

सगळ्यात धोकादायक गडबड

हेडफोनमध्ये बदललेला आवाज मस्त ऐकू येतोय, पण अॅपमध्ये खराच माइक निवडलेला आहे. तुम्ही निर्धास्त, आणि रेकॉर्डिंगमध्ये पाहुण्याचा मूळ आवाज! हेडफोनवर ऐकू येतं ते सॉफ्टवेअरमधलं. अॅपपर्यंत काय पोचतंय ते त्यावरून कळत नाही. म्हणून पाहुण्याला बसवण्याआधी स्वतः दहा सेकंद बोला, फाइल सेव्ह करा आणि ती उघडून ऐका. अॅप बंद करून परत उघडलं किंवा हेडफोन काढून लावला, तर ही चाचणी पुन्हा करा. अशा वेळी माइकची निवड कधी कधी आपोआप बदलते.

बाकीच्या नेहमीच्या तक्रारी

*आवाजच जात नाही.* विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी विभागात माइकची परवानगी बघा. डेस्कटॉप अॅपसाठी तिथे वेगळं बटण असतं. ब्राउझरमध्ये बोलत असाल तर त्याचीही परवानगी वेगळी.

*केबल बसवल्यापासून स्पीकर गप्प झाला.* विंडोजने 'केबल इनपुट'लाच मुख्य स्पीकर ठरवलेलं असू शकतं. साउंड सेटिंगमध्ये जाऊन आपला स्पीकर परत निवडा.

*आवाज तुटतो, शब्द गिळले जातात.* झूम आणि मीटमधली गोंगाट कमी करण्याची सोय कधी कधी बदललेल्या आवाजालाच गोंगाट समजते. ती बंद करा. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करता येतं.

*खरखर येते.* माइक, केबल आणि अॅप, सगळीकडे सॅम्पल रेट एकच ठेवा, ४८,००० हर्ट्झ चालेल. तरीही खरखर राहिली तर बफर थोडा वाढवा. आवाज किंचित उशिरा येईल, पण अखंड येईल.

*ब्लूटूथ हेडसेटवर आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो.* माइक सुरू झाला की बरेच हेडसेट फोन कॉलच्या पद्धतीवर जातात आणि दर्जा पडतो. साधा वायरचा माइक घ्या.

*सतत घूं घूं आवाज येतो.* लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला, तर दोष विजेच्या बाजूला आहे.

आता मुद्द्याचं

सगळं नीट चाललं तरी माणूस लपलाच असं नाही. नुसता पिच चार सेमीटोन वर नेला, तर कुणीही तीच फाइल ऑडॅसिटीत टाकून चार सेमीटोन खाली आणेल. मूळ आवाज बऱ्यापैकी हाती लागेल. म्हणून पिचसोबत फॉर्मंटही बदला. फॉर्मंट म्हणजे घसा आणि तोंडाच्या पोकळीमुळे आवाजाला येणारा घाट.

तेवढंही पुरत नाही. बोलण्याचा वेग, आगरी वळण, वाक्यामागून येणारं 'काय समजलं ना?' हे व्हॉइस चेंजर सहसा पुसत नाही. घरचे आणि कामावरचे लोक माणसाला त्यावरूनच ओळखतात. मागून 'पुढील स्टेशन कोपर' ऐकू आलं, तर पत्ताही कळला. रुळांलगतच्या इमारतीत रेकॉर्डिंग करत असाल तर खिडक्या बंद करा. नंतर पूर्ण फाइल फक्त मागचे आवाज शोधण्यासाठी एकदा ऐका.

आवाज ही ओळख आहे हे न्यायालयानेही मानलंय. तपासासाठी आवाजाचा नमुना देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रितेश सिन्हा खटल्यात म्हटलं.

मग जिथे धोका खरा आहे तिथे काय करायचं? पाहुण्याचं म्हणणं लिहून घ्या, ओळख देणारे शब्द त्याच्याच संमतीने बदला आणि ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. श्रोत्यांना सुरुवातीलाच सांगा, 'शब्द पाहुण्याचे, आवाज दुसऱ्याचा.' मूळ रेकॉर्डिंग केलं असेल तर ते लॅपटॉपवरून पुसा, आणि क्लाउडवर आपोआप चढलेली प्रतही विसरू नका.

व्हॉइस चेंजर जरूर वापरा. श्रुतिकेत एकट्यानेच राक्षस आणि आजी दोघंही करायला तो झकास आहे. पण ज्याने विश्वासाने तोंड उघडलं, त्याची जबाबदारी सॉफ्टवेअरवर टाकू नका.

तुमचा माइक काय त्रास देतोय ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!